क्लचमास्तरला घर विकायचं नाही

वडील गेले तेव्हा थोरल्याला रडू आलं, हे खरं. पण डोळे पुरते कोरडे व्हायच्या आत तो दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता, "कोपऱ्यावरचं घर आहे, पुढे अंगण आहे. लवकर निघालं तर बरं." मधली बहीण त्याच्या मागेच उभी होती. तिने ऐकलं आणि काही बोलली नाही. तिला बोलायचं नव्हतं असं नाही. एवढ्या लवकर सुरुवात केली तर पुढे काय उरणार, असा तिने विचार केला.

मधली त्याच दवाखान्यात एक्स-रे काढायची. लग्न केलं नाही, दवाखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि वडिलांचं दुखणंखुपणं एकटीने काढलं. थोरला शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि वडिलांना भेटायला यायचं म्हटलं की त्याची कंबर धरायची. धाकटा परदेशात. तो दर रविवारी फोनवर "बाबांना जपा" असं सांगायचा, जसं काही बाकीचे त्यांना उन्हात वाळत घालणार होते.

वडील कोर्टात कारकून होते आणि भांडण हा त्यांचा एकमेव छंद होता. त्यातलं सगळ्यात जुनं भांडण शेजाऱ्याशी. शेजारी गाडी चालवायला शिकवायचा. वडील त्याला क्लचमास्तर म्हणायचे, तेही तोंड वाकडं करून. दोन घरांमधली कुंपणाची भिंत कुणाची, यावर दोघांनी उमर घालवली. भिंत बिचारी वीतभर रुंद. एकमेकांकडे न बघता दोघं आपापल्या बाजूने तिला चुना लावत बसायचे.

घर तिघांच्या नावावर झालं आणि थोरल्याने बैठक बोलावली. धाकटा फोनच्या पडद्यावर, थोरला वडिलांच्या खुर्चीत, आणि वहिनी हातात मोजपट्टी घेऊन खिडक्यांची मापं घेत होती. कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

"दलालाकडे दिलं तर सहा महिने," थोरला म्हणाला. "आधी रंग काढा, नळ दुरुस्त करा, मग लोक येणार, नाकं मुरडणार. लिलावात टाकलं तर काय येईल याचा भरवसा नाही. आणि मला नव्या फ्लॅटचे हप्ते चालू झालेत."

"ताई, तू उगाच भावनेच्या भरात अडवू नकोस," पडद्यातून धाकटा म्हणाला.

"मी अजून तोंड उघडलं नाही," मधली म्हणाली. "मी न दिलेल्या नकाराला तू आधीच उत्तर देतोयस?"

थोरल्याने मग रोखवाला आणला. शहरभर त्याच्या पाट्या लागलेल्या होत्या: घर जसं असेल तसं घेऊ, आठवड्यात रोख. माणूस गुळगुळीत, पायात पांढरे बूट, ते त्याने उंबऱ्यावरही काढले नाहीत. त्याने भिंतींवर बोटांनी टकटक केली, मोरीत डोकावला, चुकचुकला.

"ओल आहे. वायरिंग जुनं. छताचंही काही खरं नाही," तो म्हणाला आणि बाजारभावाचा तिसरा हिस्सा छाटून किंमत सांगितली.

"भिंतीला कान लावलात, तिने काय सांगितलं?" मधलीने विचारलं.

"बाई, मी या धंद्यात मुरलेला माणूस आहे."

"दिसतंय. लोणचंसुद्धा इतकं मुरत नाही."

थोरला ओशाळून हसला. वहिनीने सरबत आणलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण इथे उलटीच तऱ्हा: बापाने हयातभर राखलेलं घर, आणि पोरगा गिऱ्हाइकासमोर त्यातल्या भेगा आपण होऊन दाखवत होता. बघा इथेही पोपडे आलेत, म्हणे. मधलीला त्याची कीव आली असती, पण कीव करायलाही समोरच्याची थोडीतरी उंची लागते.

तिने सही करणार नाही म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी क्लचमास्तर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात चष्म्याची डबी. थोरला आणि मधली दोघंही वडिलांचं सामान आवरायला आले होते.

"तुमचे वडील एक नंबरचे खडूस होते," तो दारातच म्हणाला. "पण घर मजबूत बांधलं. माझ्या मुलीला ते घ्यायचं आहे. बाजारभाव काय तो देतो. कर्ज मंजूर व्हायला दीड-दोन महिने लागतील, तेवढं थांबा."

मधली म्हणाली, "बसा." थोरला उभाच राहिला.

"नाही," तो म्हणाला. "बाबांच्या शत्रूला बाबांचं घर? त्यांच्या आत्म्याला काय वाटेल?"

क्लचमास्तर "विचार करून सांगा" म्हणाला आणि गेला.

"बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा दार कुणी तोडलं?" मधलीने विचारलं. "याच शत्रूने. गाडीत घालून दवाखान्यात कुणी आणलं? यानेच. तू कुठे होतास?"

"माझी कंबर..."

"तुझ्या कंबरेच्याही आत्म्याला शांती मिळो."

फोन लावला तर धाकट्यालाही अचानक घराण्याचा मान आठवला. बापाची औषधं कुठली ते ठाऊक नव्हतं, पण वैर मात्र दोघांना तोंडपाठ. सुंभ जळाला बापाचा आणि पीळ उरला या दोघांकडे, तोही फुकटात मिळाला म्हणून. मधलीला शिसारी आली. लोभी माणूस तिला चालला असता. लोभाला निदान हिशेब कळतो. ही मंडळी लोभीही धड नव्हती.

आठवडाभर विचार करून तिने दोघांना सांगितलं, "रोखवाला जे देतोय त्याच भावाने तुमचे दोन्ही हिस्से मी घेते. पैसे पंधरवड्यात. आणि आधीच सांगते, मी घर क्लचमास्तरला विकणार आहे."

"विकून टाक," थोरला लगेच म्हणाला. "आमच्या हाताने नको एवढंच. आमचे हात स्वच्छ."

"ताई, खरंच पंधरवड्यात?" धाकट्याचा प्रश्न एवढाच.

तिने भविष्यनिधीतले पैसे काढले. उरलेले क्लचमास्तरने इसार म्हणून दिले, कागद करून, एक शब्द वर न बोलता. धाकट्याने मुखत्यारपत्र पाठवलं, थोरल्याने नोंदणी कार्यालयात सही केली, पैसे खात्यात आलेत का ते फोनवर बघितलं आणि बहिणीला चहासुद्धा न विचारता रिक्षा धरली.

दोन महिन्यांनी मास्तरच्या मुलीचं कर्ज मंजूर झालं आणि घर पूर्ण भावाने तिच्या नावावर झालं. ही बातमी थोरल्याच्या कानावर गेली तसा तो धापा टाकत मधलीच्या खोलीवर आला. त्या दिवशी कंबर कुठे गेली होती कोण जाणे.

"वरचे पैसे तिघांत वाटायला हवेत," तो म्हणाला. "न्याय म्हणून."

"आणि हात? ते मळतील ना."

"तू आम्हाला फसवलंस."

"तुला सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलंस, पण..."

"मग तो 'पण' घेऊन जा. त्याचे तीन वाटे कर आणि एक मला पाठव."

तो गेला आणि नात्यागोत्यात सगळीकडे सांगत सुटला की बहिणीने भावांना लुबाडलं. मावशीने मधलीला फोन करून विचारलं, तेव्हा तिने खुलासा केला नाही. "हो, लुबाडलं," म्हणाली. "भरदिवसा, आधी सांगून." मावशी हळूच हसली, आणि दोघी बराच वेळ मावशीच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिल्या.

मधलीने निवृत्तीच्या वयाआधीच नोकरी सोडली. धाकट्याचा रविवारचा फोन बंद झाला, पहिले काही आठवडे तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग त्या वेळेला ती झोपायला लागली.