नवं आणताना बोलायचं नसतं

मी मुंबईला निघालो त्या दिवशी कणकवली स्टेशनवर ढोल वाजत होते आणि गळ्यातल्या हारांमुळे मला समोरचं दिसत नव्हतं. विधानसभेवर निवडून गेलेला आमच्या पंचक्रोशीतला मी पहिलाच शेतकरी, त्यामुळे अख्खी वाडी टेंपो करून आली होती. आली नव्हती ती फक्त आई. भात झोडायचे दिवस होते. सकाळी पाया पडलो तेव्हा खळ्यातून न उठताच म्हणाली, "माका खंय सवड? तू जा. पण नव्याक येवक व्हया. नवा मोठ्या झिलानच हाडूचा." थोरला मुलगा मीच.

गावात राहिलेत त्यांना नवं म्हणजे काय ते सांगायला नको. माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांच्या मुलांसाठी सांगतो. शेतातल्या पहिल्या पिकलेल्या लोंब्या कापून घरी आणायच्या, घरच्या बाईने उंबऱ्यावर आणणाऱ्याचे पाय धुवायचे आणि मग त्या दारावर बांधायच्या. आमच्या घरात आणखी एक रीत. शेतापासून उंबऱ्यापर्यंत आणणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. लहानपणी मी का म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "भात घराक येता रे. तेच्या वांगडा गप चलाचा." म्हणजे त्याच्या सोबतीने गप्प चालायचं.

आणि माझं तर सगळं तोंडावरच चाललं! पाटाच्या पाण्यावरून वाडीत जुंपली होती, तेव्हा मी बोलून बोलून दोन्ही बाजूंना हसवलं. लोकांनी मला सरपंच केलं. पुढे जिल्हा परिषद, मग आमदारकी. काजूची बाग, भाताचे कुणगे, सगळं धाकट्या भावाच्या, दिगूच्या अंगावर पडलं. बायको मुलांच्या शाळेपायी कणकवलीत राहिली. मी आमदार निवासातल्या एका खोलीत दिवसभर माणसांशी बोलतो. बघतो, करून टाकू, काळजी करू नका. फोन केला की आई पहिलं तेच म्हणते, "तुझो आवाज बसलो रे."

नव्याला दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. अधिवेशन, नाहीतर कुणाचा तरी दौरा. दिगूच नवं आणायचा. यंदा मात्र हट्टाने गेलो. पीए आणि बॉडीगार्डला गाडीपाशीच थांबवलं, बूट काढले आणि शेतात उतरलो. गार चिखल पायाला लागला तेव्हा खरं सांगतो, रडू आलं. लोंब्या कापल्या, डोक्यावर घेतल्या आणि बांधावरून निघालो. मागे दिगू.

वळणावर भिकाजीकाका काठी टेकत उभे होते. मला नांगर धरायला त्यांनीच शिकवलं. मला पाहून त्यांनी हात जोडले आणि ओढ्यावरच्या पुलाचं काढलं. "साहेबानू, आमच्या साकवाचा काय झाला?"

"होतलो, काका. बघतंय मी."

माझं तोंड माझ्याआधीच बोलून मोकळं झालं होतं. काकांनी जीभ चावली. डोक्यावरचं नवं त्यांना दिसलंच नव्हतं, फक्त साहेब दिसला होता. दिगू मागे फिरला, नव्या लोंब्या कापून आणल्या आणि मला ओलांडून पुढे गेला. मी त्याच्यामागून चालत राहिलो.

आई उंबऱ्यावर तांब्या घेऊन उभी होती. दिगूच्या डोक्यावर नवं बघून तिने त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं. भावजयीने माझ्यासाठी लगबगीने दारापुढच्या खळ्यात प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. बाहेरच्या माणसांना ठेवतात तशी. मी बसलो नाही. मग आईने तांब्यात उरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि म्हणाली, "इलंस ता बरा झाला. पुढल्या खेपेक तोंड मुंबयकच ठेवन ये."

सगळे हसले. मीही हसलो.

निघताना तिने एक लोंबी रुमालात बांधून दिली. ती मी इथल्या, मुंबईच्या खोलीच्या दारावर बांधली आहे. घर म्हणजे काय, असं आता मला कुणी विचारलं तर सांगेन, जिथे चार पावलं गप्प चालायचं होतं आणि मला ते जमलं नाही, ती जागा. संध्याकाळी मी लिफ्टपासून दारापर्यंत न बोलता जातो. इथे ते अगदी सहज जमतं. कुलूप मीच काढतो, आणि पाय धुवायला नळ आहे.