मूळ प्रतीत नसलेली ओळ

भाच्यांनी तिचं नाव कॉमामावशी ठेवलं होतं, आणि त्यात त्या पोरांची चूक काहीच नव्हती. फोनवर सख्ख्या बहिणीशी बोलतानाही ती सांगायची, "दूध नासलं, कॉमा, म्हणून आज कोराच चहा घेतला, फुलस्टॉप." बहीण हसून हसून बेजार व्हायची. मावशीच्या ते लक्षातसुद्धा येत नसे. उभा जन्म छापखान्यात इंग्रजी मोठ्याने वाचण्यात गेल्यावर जीभ दुसरं काय करणार?

छापखान्यात शाळकरी मुलांसाठी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं निघत. लेखकाची मूळ प्रत मावशीच्या हातात आणि छापून आलेलं कच्चं पान समोर बसलेल्या तपासनिसांच्या हातात. तिने वाचायचं, त्यांनी पानावर बोट फिरवत ताडून बघायचं. वाचायचं म्हणजे नुसते शब्द नव्हेत, तर कागदावर जे जे दिसेल ते सगळं. गोष्टीतली माणसं बोलायला लागली की मावशीची खरी कसोटी सुरू व्हायची.

"कोट चालू, कॅपिटल डब्ल्यू, व्हेअर इज माय कॅप, क्वेश्चन मार्क, कोट बंद, स्मॉल ए, आस्क्ड द बॉय, फुलस्टॉप. नवा पॅरा."

"हं," तपासनीस म्हणायचे.

या 'हं'वरून सगळा छापखाना त्यांना पाठीमागे हंबाबा म्हणायचा. बरोबर असलं की हं, चूक असली की समासात खूण करून मग हं. प्रश्नचिन्हानंतर 'आस्क्ड'चा ए मोठा पडला, किंवा बोलणाऱ्याचा स्वल्पविराम कोटाच्या बाहेर सांडला, की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. एक माणूस बोलून थांबला आणि दुसरा त्याच ओळीत बोलू लागला, तर ते चक्क उसासा टाकायचे. मावशीला तो उसासा आवडायचा. अख्ख्या दिवसात त्यांच्या स्वतःच्या मनातलं असं तेवढंच बाहेर यायचं.

लोकांना वाटे, दोघं दिवसभर बोलतात. बोलत कसले! ससे बोलत, राजे बोलत, टोपी हरवलेली पोरं बोलत. मावशीने कितीतरी राण्यांचे रुसवे आणि कितीतरी आयांची अंगाई त्यांना वाचून दाखवली होती, पण स्वतःचं म्हणून एक वाक्य नाही. हा धंद्याचा नियमच होता. प्रतीत नाही ते तोंडातून काढायचं नाही. मावशीने तो इतका काटेकोर पाळला की तिचा आवाज म्हणजे मूळ प्रत, असं हंबाबा गृहीत धरून चालत. वर मान करून बघण्याची त्यांना गरजच पडत नसे.

आई गेल्यापासून घरी मावशी एकटीच होती. घरी गेल्यावर ती रेडिओ लावायची, तो ऐकण्यासाठी नव्हे, कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. रविवार तिला खायला उठायचा. सोमवारी सकाळी ती जरा लवकरच येऊन खुर्चीत बसायची आणि समोरची खुर्ची भरली की तिच्या जिवात जीव यायचा. याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. या वयात ते कबूल करायला तिला लाज वाटत होती, एवढंच.

आणि आता हंबाबा निवृत्त होत होते. पानं ताडून बघायला संगणक येणार होता, मावशीला पार्सलच्या खोलीत पत्ते चिकटवायला बसवणार होते. तरी मालकांनी हंबाबांना सुचवलं होतं, की वाटलं तर आणखी वर्षभर अर्धा दिवस येत जा, वाचायला बाईही राहतील. संध्याकाळपर्यंत सांगतो, असं हंबाबा म्हणाले होते.

दुपारी चहा पिताना ते आपल्याच कपाकडे बघत म्हणाले, "मुलगी तिकडे ये म्हणतेय. खोली रिकामी ठेवलीय म्हणे माझ्यासाठी."

"चांगलं आहे की," मावशी म्हणाली.

"चांगलं आहेच. इथं तरी राहा म्हणणारं कोण बसलंय?"

यावर बोलायला एवढी जागा होती की बैलगाडी वळली असती. मावशीने कप विसळला. दोन्ही कप विसळले, पुसले, उपडे घातले आणि परत येऊन खुर्चीत बसली. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

टोपीच्या गोष्टीची शेवटची पानं राहिली होती. ती वाचू लागली. मुलगा पाववाल्याला विचारतो, पाववाला नाही म्हणतो. हं. मुलगा पोस्टमनला विचारतो. हं. पोस्टमन डोकं खाजवतो. हं. मावशीचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. एक परिच्छेद संपला आणि दुसरा सुरू व्हायच्या आत, आवाज न बदलता, ती म्हणाली,

"नवा पॅरा. कोट चालू, कॅपिटल पी, प्लीज डोन्ट गो, कॉमा, कोट बंद, स्मॉल एस, सेड द वुमन, फुलस्टॉप."

हं आला नाही.

हंबाबांचं बोट पानावर पुढे गेलं, मागे आलं. आता ते वर बघतील, मावशीला वाटलं. फक्त वर बघितलं तरी पुरे होतं, पुढचं तोंडावरच लिहिलेलं होतं.

"बघा या छापणाऱ्यांचा कारभार," हंबाबा म्हणाले. "अख्खी ओळ खाल्ली." आणि त्यांनी समासात, आपल्या रेखीव अक्षरात, ते वाक्य लिहून घेतलं. कोट, मोठा पी, कोटाच्या आत स्वल्पविराम, लहान एस. काही राहिलं नाही. "ही बाई कोण पण? आधी कुठं आली नाही ती."

मावशीने हातातली पानं उगाच सारखी केली.

"बाई? प्रतीत बघा जरा. बाई कोण?"

खरं सांगायला याहून सोपी वेळ येणार नव्हती. 'मी', एवढंच तर म्हणायचं होतं. मावशीने प्रतीकडे पाहिलं. तिथे पोस्टमन होता, पोरगा होता, टोपी होती.

"चुकलं," ती म्हणाली. "प्रतीत नाहीये. माझंच चुकलं."

आता मात्र हंबाबांनी मान वर केली. चष्म्यावरून तिच्याकडे पाहत राहिले. त्या नजरेत थोडी काळजी होती, आणि अविश्वास त्याहून जास्त होता.

"तुमचं? तुमचं कसं चुकेल?"

"डोळे दमलेत."

"हं." ते पुन्हा पानावर वाकले. पट्टी लावून त्यांनी त्या ओळीवर सरळ रेघ मारली. मारताना हात किंचित थांबला, असं मावशीला वाटलं, पण वाटण्यावर काय भरवसा ठेवायचा. मग तिला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. चुकलात, पण चिन्हं सगळी जागच्या जागी होती."

"हो," मावशी म्हणाली.

"चला, पुढे."

ती पुढे वाचत गेली. टोपी सापडली, मुलाने आभार मानले, पोस्टमन सायकलवर बसला. शेवटचा कोट बंद झाल्यावर हंबाबांनी पेनाला टोपण लावलं, पानं जुळवली आणि मुलीकडे जातो म्हणून सांगायला ते मालकांच्या खोलीकडे निघाले. मावशी वाचत नव्हती तरी तिचे ओठ हलत होते, आणि या खेपेला ती कॉमा, कोट काहीच म्हणत नव्हती. नुसतं "जाऊ नका" म्हणत होती, तेही ते जिना चढून वर गेल्यावर.