बारमाही रस्त्यावरची बाज

उंबरटेक हे बेट मी एका सहीने नाहीसं केलं. चार वर्षांपूर्वी पाहणीला गेलो, तो मे महिन्यात. धरणाचं पाणी आटलेलं, तळाला भेगा पडलेल्या. त्यावरून माझी मोटारसायकल थेट गावात शिरली. अहवालात मी लिहिलं : 'गावास बारमाही रस्ता उपलब्ध.' उरलेले अकरा महिने न बघताच मंजूर करून टाकले.

नंतर गावाने इंजिनाच्या बोटीसाठी पाठवलेला प्रस्ताव तीनदा परत गेला, दर वेळी माझंच वाक्य कपाळावर घेऊन. तिसऱ्यांदा तो परत पाठवायचं पत्र माझ्याच टेबलावर आलं. त्या दिवसापासून जेवण नीट जाईना. शेवटी डिसेंबरातल्या एका रविवारी बायकोला 'धाडला काम आहे' असं अर्धंच सांगून मी बुलढाण्याहून एसटीत बसलो. धाडहून पुढे जीप मिळाली. मांडीवर कुणाचा तरी नवा कुकर घेऊन मी पाऊण तास काढला.

जीप थांबली, कारण पुढे डांबरी रस्ता म्हशीसारखा सरळ पाण्यात शिरला होता. पलीकडे टेकडी, तिच्यावर चाळीसेक घरं, मारुतीचं देऊळ आणि विहार. अलीकडे चार ट्रकच्या ट्यूबांवर बांधलेली एक बाज (खाट). दोन्ही काठांना बांधलेला दोर ओढत ती पलीकडे जाते. ओढणारे सुखदेव माझ्याच वयाचे.

"बसा साहेब. उताणे झोपू नका, पलीकडच्या बाया रडाले लागतात."

"रस्ता नाही का?" मी निर्लज्जपणे विचारलं.

"हाच तर हाय. बारमाही. सरकारनंच लिहून देल्ला." त्यांनी बोट दाखवलं. "ते पाहा, रस्त्यात म्हैस पोहून राह्यली."

अख्खं गाव त्या पाण्याला 'बारमाही रस्ता' म्हणतं. उतरताना पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत आत गेलो. सुखदेवांनी शांतपणे हाक दिली, "वच्छलाबाई, साहेब रस्त्यात पडले!"

वच्छलाबाई म्हणजे सरपंच. साठीच्या, आवाज दोन्ही काठांना पुरेल असा. त्यांनी नवऱ्याचं धोतर दिलं आणि त्या वेषातच मला एका खोलीची ग्रामपंचायत दाखवली. भिंतीवर गावाच्या चतुःसीमा रंगवल्या होत्या : पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस पाणी, उत्तरेस बारमाही रस्ता.

"ग्रामसेवक कुठे असतात?"

"तिकडच्या काठावर. त्याले पोहता येत नाही. सभा फोनवर होते, अन् ठरावाची वही सईले (सहीला) याच्यातून जाते." त्यांनी लोणच्याची रिकामी बरणी पुढे केली. झाकण घट्ट, पाणी शिरत नाही. उंबरटेकच्या कारभाराला कैरीचा वास येतो, तो असा.

जेवायला भाकरी आणि पातोडी (बेसनवड्यांचा झणझणीत रस्सा) होती. वाढत होती सून, मनीषा. आठवा महिना. एक वाढून झालं की ती भिंतीला टेकायची.

"हिले दवाखान्यात कसं नेणार?" माझ्याही तोंडी त्यांचीच बोली येऊ लागली होती.

"त्याच बाजेवर," वच्छलाबाई म्हणाल्या. "वारा सुटला तर दोर ओढू देत नाही. तवा कळा थांबतात काय? बोट मांगतो, तर म्हणतात रस्ता हाय. तुम्ही काऊन (का) आले?"

"सहज. फिरायला."

आणि मी आणखी पातोडी मागून घेतली.

दुपारी वाळलेली पँट घालून परत निघालो. मध्यावर पोचलो तेव्हा मागे बघितलं. मनीषा कमरेवर हात ठेवून काठावर उभी होती. स्वतःच्या पायांनी पळत असतो तर पळालोही असतो. पण मला दुसरा माणूस ओढून नेत होता, आणि त्याच्या तळहातावर माझ्या वाक्याचे घट्टे होते.

"सुखदेवभाऊ, बाज माघारी फिरवा."

"काई राह्यलं काय?"

"हो. राहिलंय."

वच्छलाबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी लोणच्याची बरणी पुढे ओढली.

"वळखलं होतं म्या, मे महिन्यातला फटफटीवाला साहेब. धोतर देतानाच."

"मग जेवायला का वाढलं?"

"उपाशी माणूस लौकर खोटं बोलते. तुम्ही तर जेवूनही बोलले." मी हात जोडले, तर त्यांनी बरणीचं झाकण फिरवून ठरावाची वही काढली. "तोंडी माफीत बसून पाणी पार होते काय? लिहा. नाव, हुद्दा, सई. नक्कल उद्या तुमच्याच कचेरीत येईन."

नोकरीची आठ वर्षं बाकी आहेत. ती मला एकेक करून आठवली. मग मी लिहिलं :

'उंबरटेकला बारमाही रस्ता नाही. मी फक्त मे महिन्यात आलो होतो, बाकीचं न बघता लिहिलं. बोट माझ्यामुळे अडली. मी गावाची आणि मनीषाताईंची माफी मागतो.'

वच्छलाबाईंनी चष्मा लावून वाचलं.

"तारीख टाका," त्या म्हणाल्या. "अन् महिना अक्षरात."