आकडा पुसून रंगवलेला पूल

कोल्हापूरजवळच्या एका जुन्या दगडी पुलावर रंगीत दिवे लागलेत, त्यांचे फोटो बघून मी भाळले आणि पुण्याहून निघाले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे आणखी गर्दी व्हायला नको.

हायवेवर कामं चालू आहेत, पाच तास तरी धरून चला. कोल्हापुरात मिसळ खाल्ली, जीभ भाजली, तरी रस्सा पुन्हा मागितला. तिथून पूल अर्ध्या तासावर. गाडी गावाबाहेरच लावा, पुढे चिखल आहे.

साडेसातला दिवे लागले. खरं सांगते, आधी मी हरखलेच. जांभळा, निळा, मग हिरवा. मी धडाधड फोटो काढत सुटले.

शेजारी गावातल्याच एक बाई, आक्काताई, म्हशीचं दावं धरून उभ्या होत्या. त्यांचा गोठा नदीकाठाला, म्हशी चार. मी म्हटलं, "मावशी, किती सुंदर दिसतंय!"

"दिसतंय की. पर आकडा कुठं दिसतोय?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मधल्या खांबावर पाण्याची उंची फुटांत दाखवणारे आकडे होते. अडतीसचा आकडा बुडाला की अख्ख्या गल्लीनं म्हशी सोडून वर न्यायच्या, ही तिथली रीत. दिवे बसवताना खांब घासून एकसारखा रंगवला. आकडे गेले.

दिव्यांची देखरेख करणारा माणूस तिथेच होता. त्याला विचारलं, तर म्हणतो, "मॅडम, डिझाईनमध्ये आकडं बसत न्हवतं. पाण्याची पातळी आता मोबाईलवर येती की."

"पाणी मोबाईलवर न्हाय, गोठ्यात येतंय!" आक्काताई ओरडल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सार्वजनिक कला म्हणे! ज्यांच्या दारातला पूल, त्यांना एका शब्दानं विचारायला काय झालं होतं? दिवे लावून झाल्यावर आकडे पुन्हा रंगवायला कितीसा रंग लागला असता?

घरी येऊन चार दिवस झाले. तिकडे पाऊस थांबेना. फोटो पाठवा म्हणून आक्काताईंनी माझा नंबर घेतला होता, त्यावर त्यांचा फोन आला.

"पावणं, तुमच्या फोटूत खांबाचं किती दगड उघडं हायती, मोजा की. त्यापरीस आज पाणी किती चढलंय ते आमी बघतो."

मी एकेक फोटो मोठा करून बघितला. नुसता जांभळा आणि निळा उजेड. दगडांचे सांधे दिसत नाहीत, पाणी कुठे सुरू होतं तेही नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"काहीच कळत नाही, मावशी. पण वाट बघू नका. सोडा म्हशी."

तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या घरात बसून, त्यांच्या नदीबद्दल हे मी सांगत होते.