बार्बा लिनार्दोसची कानस

त्या ग्रीक बेटावर सगळे म्हाताऱ्या लिनार्दोसला बार्बा, म्हणजे काका, म्हणत, आणि बोलण्यात त्याचा हात धरणारा तिथे कोणी नव्हता. संग्रहालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो फुटक्या संगमरवराचे तुकडे जोडायचा आणि बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात ते कसे जोडले ते सांगायचा. जोडायला एक दिवस लागला, तर सांगायला आठवडा.

"मी सोयरिकी जमवतो," मिशीला पीळ देत तो म्हणे. "तुमच्यात नवरा-बायको रडत नांदतात. माझ्या दगडांचं एकदा जुळलं की माहेरची आठवणसुद्धा नाही!" मग ठरलेलं वाक्य यायचं. "तुटक्या कडेला कानस लावणारा जोडारी नव्हे, न्हावी." हे ऐकून गावचा न्हावी दरवेळी पेला आपटून निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा, कारण कॉफीचं दुकान एकच होतं.

टेकडीवर जुन्या वेदीचं खोदकाम सुरू झालं आणि बार्बाच्या बढायांना उधाण आलं. वेदीभोवती मिरवणूक कोरलेली होती. बैल, बासरीवाले, परड्या घेतलेल्या बायका. आता ती मंडळी टोपल्याटोपल्यांनी खाली येत होती; कोणाचं नाक वर राहिलेलं, कोणाचे नुसतेच पाय आलेले. बैलापुढे चालणाऱ्या एका मुलीला उजवा हात नव्हता. गेल्या उन्हाळ्यात उंच उचललेला एक हात सापडला, आणि लिनार्दोसने तो त्याच संध्याकाळी तिला देऊन टाकला. म्हणजे दुकानात, तोंडाने. अख्ख्या गावाने त्याच्या नावाने राकी प्यायली.

सकाळी हात लावून पाहिला तर तो बसेना. उलटा धरला, तिरपा धरला, संतांची नावं घेतली. शेवटी बार्बाने शेडचं दार ओढून घेतलं आणि मुलीच्या खांद्यावर कानस फिरवली. थोडीशीच. मग आणखी थोडीशी. हात बसला. आत धातूचा खिळा, वर लेप. कोणाला काही कळलं नाही.

पण त्या हाताने सगळी मिरवणूकच फिरवली. खोदकामाची प्रमुख मिर्तो वेदीची मांडणी ठरवत होती. हात वर म्हणजे मुलगी मागच्यांना वळवून नेते आहे, तेव्हा मिरवणुकीचा हा कोरीव पट्टा वेदीच्या मागे, वर चढायच्या पायऱ्यांकडे पाठ करून. "जेवायला बोलावलेली माणसं दारातून परत निघालीत असं वाटतं," मिर्तो कागदाकडे बघत कुरकुरायची.

या उन्हाळ्यात ती धावतच शेडमध्ये आली. पायऱ्यांच्या तळाशी दुसरा हात निघाला होता. खाली सोडलेला, मुठीत दोरी.

"बार्बा, बैलाची दोरी! हा हिचाच हात. ही पायऱ्यांकडेच चाललीय! लावून बघा ना."

बार्बाने जुना हात सोडवून नवा लावला. खालची कड ओळख पटल्यासारखी खांद्याला बिलगली. वर मात्र, जिथे कानस फिरली होती तिथे, नखाएवढी फट. हात डुगडुगला. खांद्यावर अजून जुना लेप होता, त्यामुळे मिर्तोला घासल्याची खूण दिसली नाही.

"बसत नाही?"

"नाही बसत."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त टोचलं.

"तुम्ही म्हणता म्हणजे नाहीच," ती म्हणाली. "मीच उगाच हुरळले." तिने तो हात पेटीत ठेवला. येत्या सोमवारी पट्टे कायमचे बसवायचे होते, पायऱ्यांकडे पाठ करून.

त्या दिवसापासून बार्बा रोज काही ना काही घेऊन मिर्तोकडे जाऊ लागला. मंगळवारी त्याने तिला ताजं चीज नेऊन दिलं. बुधवारी रानमध. गुरुवारी सुके अंजीर. शुक्रवारी तो जिवंत कोंबडी काखोटीला मारून निघाला, तेव्हा त्याची बायको कालिरोई दारात आडवी झाली.

"लग्न झाल्यापासून मला कोथिंबिरीची काडी आणली नाहीस. त्या पोरीला माझी अंडी देणारी कोंबडी?"

"सरक गं."

"काय केलंयस तू?"

बार्बा कुंपणावरून उडी मारून गेला. त्या वयात, कोंबडीसकट.

शेडमध्ये नकाशा काढत बसलेल्या मिर्तोने कोंबडी पाहिली आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. "बार्बा, स्पष्टच सांगते. तुमचा पुतण्या झान्नीस चांगला मुलगा आहे. पण मला लग्न करायचं नाही."

"झान्नीसचं काय मध्येच?"

"मग हा मध, ही कोंबडी? सगळं गाव म्हणतंय, तुम्ही सोयरीक जमवताय."

बार्बा पेटीवर बसला. तीच पेटी होती, हात ठेवलेली. "मी मोडलीय, पोरी," तो म्हणाला. आणि गावातल्या सगळ्यात बोलघेवड्या माणसाने आयुष्यातली सगळ्यात छोटी गोष्ट सांगितली: हात बसत नव्हता, मी खांदा घासला.

 मिर्तोचा आवाज चढला. "मला झोप नाही! वाटलं, शिकलेलं सगळं वाया गेलं, मला दगड वाचता येत नाही. आणि तुम्ही मला अंजीर खाऊ घालत होतात?"

"हो," बार्बा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"उठा. लेप काढा."

त्याने लेप काढला. घासलेली जागा दुधासारखी गुळगुळीत होती. मिर्तोने पेटीतला हात काढून स्वतः लावून पाहिला, खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"बसतोय."

"फट आहे ना."

"फट तुमची. हात तिचाच."

"भरून देतो. अशी भरतो की कोणाला..."

"करड्या रंगाने भरा. लांबून दिसली पाहिजे."

सोमवारी मिरवणूक पायऱ्यांकडे तोंड करून उभी राहिली. संग्रहालयाचं दालन उघडलं त्या दिवशी गाव लोटलं. लोक बार्बाच्या पाठीवर थापा मारत होते, आणि प्रत्येक थापेसरशी तो खांदे आणखी पाडत होता. अथेन्सहून आलेल्या एक बाई चष्मा लावून सगळे सांधे बघत आल्या. "काय काम आहे! जोड कुठे आहे तेच कळत नाही."

"इथे कळतं, बाई," बार्बाने मुलीच्या खांद्यावरच्या करड्या रेघेवर बोट ठेवलं. "हे मी केलंय. जवळून बघा."

बाईंनी पाहिलं आणि त्या पुढे गेल्या. बार्बाने बोट उचललं नाही.