ताईचा ताप उतरला तेव्हा

माझी ताई ज्या आजाराने गेली, त्याच आजारावर तिचा नवरा संशोधन करत होता.

हे सांगितलं की लोक म्हणतात, "काय योगायोग." मला त्या शब्दाचा राग येतो.

आज गौरी विसर्जनानंतरचा दिवस. ताईची तिथी.

नव्वदचं दशक होतं. मी नोकरीसाठी सांगलीहून बंगळूरला आलो आणि जयनगरला ताई-दाजींकडे राहायला लागलो. दाजी एका सरकारी संस्थेत सायंटिस्ट. त्यांचा विषय सेप्सिस, म्हणजे कुठलंतरी इन्फेक्शन रक्तात पसरतं आणि सगळं शरीरच बिथरतं, ते. उंदरांमध्ये तो आजार निर्माण करायचा आणि त्यांच्या रक्तात हायड्रोजन सल्फाइड शोधायचा.

सडक्या अंड्यांचा वास येतो ना, तो वायू. गटारातला.

"आधी आंघोळ, मग चहा," ताई दारातच सांगायची. दाजी निमूट बाथरूममध्ये.

संस्थेतही त्यांना कुणी फारसं सीरियसली घेत नव्हतं. तेव्हा जो तो नायट्रिक ऑक्साइड या दुसऱ्याच वायूच्या मागे. दाजींचं म्हणणं वेगळंच. हा घाणेरडा वायू आपलं शरीरही थोडा थोडा बनवतं. सेप्सिसमध्ये तो जास्त बनत असणार, त्याने रक्तवाहिन्या सैल पडत असणार, म्हणून बीपी कोसळत असणार.

मग तो बनणंच थांबवलं तर माणूस वाचेल का?

ताईला यात काडीचा रस नव्हता. एरवी ती शेजारच्या अक्कांशी "सरी, स्वल्प थांबा हं" असलं धेडगुजरी कानडी बोलायची. पण गौरींच्या तीन दिवसांत पक्की सांगलीची.

सोवळ्यात स्वयंपाक. पुरण, सोळा भाज्या, सगळं एकटीने.

सोवळ्याची एक अडचण फक्त बायकांना माहीत असते. मध्येच लघवीला गेलं की सोवळं मोडतं. परत आंघोळ, परत धुतलेलं लुगडं. म्हणून ताई आदल्या दिवसापासूनच पाणी तोडायची. आमची आई तेच करायची. आजीही.

त्या वर्षी तिला आधीपासूनच लघवीला जळजळ होत होती. हे आम्हाला नंतर कळलं. घरात सायंटिस्ट असला म्हणून काय झालं, असल्या गोष्टी कुणी नवऱ्याला सांगतं का? जळजळ होते म्हणून ती पाणी आणखीच कमी प्यायली.

पूजेच्या संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. एक क्रोसिन घेऊन तिने हळदीकुंकू उरकलं.

"दमलेय रे, बाकी काही नाही."

विसर्जनाच्या दिवशी सकाळी ताप उतरला. अंग गार लागलं. सणाला आलेल्या आईने गौरींना हात जोडले. मला हायसं वाटलं. ताई पडल्या पडल्या सांगत होती, कुठल्या डब्यात कुणाचं पुरण काढून ठेवलंय ते.

दुपारी दाजी लॅबमधून आले. त्यांनी ताईच्या पावलांना हात लावला. मग गुडघ्यांना.

आम्ही ज्याच्यामुळे निर्धास्त झालो होतो, त्यानेच ते हादरले. त्यांचे उंदीर मरायच्या आधी असेच गार पडायचे.

"सुनीता, लघवीला कधी गेली होतीस?"

आईसमोर. माझ्यासमोर.

ताई लाजली. त्या अवस्थेतही लाजली.

"कालपासून नाही," ती म्हणाली. "होतच नाहीये."

ऑटोत दाजी ड्रायव्हरला नुसतं "बेग होगी, बेग होगी" म्हणत होते. लवकर चला, लवकर चला. इतकी वर्षं बंगळूरमध्ये काढलेला माणूस, पण त्यांना दुसरं कन्नड आठवत नव्हतं.

हॉस्पिटलने करायचं ते सगळं केलं. सलाइन, अँटिबायोटिक्स, बीपी वर आणायची औषधं. डॉक्टर येऊन बीपी सांगायचे आणि दाजी मान हलवायचे, पुढचं आधीच माहीत असल्यासारखी.

मी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"दाजी, तुमचं ते औषध? तो वायू थांबवणारं?"

"ते आधी द्यावं लागतं," ते म्हणाले. "आजारी पडायच्या आधी."

मी वाट अडवून तसाच उभा राहिलो.

"आणि उंदरांना देतो मी ते. त्यातही काही जगतात, काही उलट लवकर मरतात. का, ते मला अजून कळलेलं नाही रे."

आई बाहेर बाकावर बसून देवीला नवस बोलत होती. दाजींना तेवढाही आधार नव्हता. ते भिंतीला टेकून नुसते उभे होते.

दुसऱ्या दिवशी ताई गेली. पस्तिशीही गाठली नव्हती तिने.

भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, गौरींची सेवा करता करता गेली, पुण्यवान हो. दाजी ऐकून घ्यायचे. मी उठून बाहेर जायचो.

दाजींनी तो विषय सोडला नाही. त्यांच्या हाती काही लागलंही नाही. नंतरच्या वर्षांत बाहेरच्या देशांत या वायूवर ढिगाने काम झालं. कुणी म्हणतं त्याने शरीरातली सूज वाढते, कुणी म्हणतं त्यानेच ती कमी होते. रिटायर झाल्यावरही दाजी सगळं वाचायचे आणि दरवर्षी आजच्या दिवशी मला फोन करायचे.

मी एकच विचारायचो. "औषध?"

"नाही."

मग ते जेवलास का विचारायचे आणि फोन ठेवायचे.

यंदा उन्हाळ्यात दाजीही गेले.

आज सकाळी मीच बसून एक पेपर वाचायचा प्रयत्न केला. अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेला. शेवटचा परिच्छेद तेवढा समजला. अजून अभ्यासाची गरज आहे, असं लिहिलंय.

"जिथे असाल तिथे सुखी राहा" असं अशा पोस्टच्या शेवटी लिहितात. माझ्याने लिहवत नाही. तुम्ही दोघंही कुठेच नाही आहात, आणि औषधही नाही.

ताई, दाजी, नमस्कार करतो.