चार सुती पट्ट्याची वाटणी

आधी पट्टा म्हणजे काय ते सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाया. आरामशीनवर जी दातेरी पाती फिरते तिला आमच्याकडे पट्टा म्हणतात. लांब पाती, दोन्ही टोकं पितळेनं झाळून एकमेकांना जोडलेली, म्हणजे बांगडीसारखी गोल. वरच्या चाकावरून खालच्या चाकावर पळत राहते, आपण लाकूड सारायचं. पट्ट्याची रुंदी सुतात मोजायची. आठ सूत म्हणजे एक इंच. बस, एवढं कळलं तरी पुरे.

आमचं सुताराचं घर गोंदियाजवळच्या मुर्रीत. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं, त्यातून बाबांनी एक लहान आरामशीन आणली. अंगणात छप्पर घातलं, बाजूला तेलाचं इंजिन बसवलं. मशीनसोबत पट्टे आले तीन रुंदीचे, एकेकच. इंची, चार सुती आणि दोन सुती. गोंदियात आरामशीनी पुष्कळ, पण सगळ्या लाकडाचे ओंडके चिरणाऱ्या. तिथं सगळे पट्टे चौडे, म्हणजे रुंद. चार सुती पट्टा त्या भागात आमच्याकडेच होता, आणि आमचं पोट त्याच्यावर होतं.

का, तेही सांगतो. बाबांचा हिशोब भांड्यांचा होता. वळण लोट्याच्या बुडाएवढं असेल तर दोन सुती लाव. थाळीएवढं असेल तर चार सुती. वळणच नसेल, सरळ फळी असेल, तर इंची. चौडा पट्टा सरळ जातो, पण वळवायला गेलं की अडतो, धूर काढतो, लाकूड जाळतो. बारीक पट्टा हवं तसं वळतो, पण लाकूड जाड असलं की आतल्या आत भटकतो. वरून रेषेवर दिसतो आणि खाली बोटभर बाहेर गेलेला असतो. आणि आमचं मुख्य काम बैलांच्या जुवाचं. जू म्हणजे जाड लाकूड, आणि मानेवर बसायला थाळीएवढं वळण. चार सुती नसेल तर जू नाही.

माझ्या मोठ्या भावाला हे पटायचं नाही. त्याला फळ्या चिरायची आवड. दिवसभराच्या फळ्यांची थप्पी लागली की त्याला काम झाल्यासारखं वाटायचं. मी जू कापायला बसलो की तो कमरेवर हात ठेवून उभा.

"कायले नक्षी काढून राहिला गा? बैल का आरशात पायते?"

"बैल नाई पायत. मान पायते त्याची."

"मानेची लय चिंता तुले. मंग बैलाशीच लग्न लाव."

हसण्यावारी जायचं. मग जाईना. पट्टा कोणता लावायचा यावर सकाळीच भांडण सुरू. त्यानं इंची चढवला की मी दुपारी उतरवायचा. मी चार सुती चढवला की त्याचं गिऱ्हाईक दारात. एक दिवस त्यानं इंजिनच बंद केलं आणि म्हणाला, वाटणी करा.

पंच म्हणून गावातले म्हातारे पाटील आले. भले माणूस, आमचे जुने गिऱ्हाईक. जन्मभर लोकांच्या बांध्या, म्हणजे धानाच्या शेताचे तुकडे, वाटून दिलेल्या. बांधी कशी मधातून धुरा, म्हणजे बांध टाकून दोन करायची ते त्यांनाच विचारावं. घर वाटलं, भांडी वाटली. मशीनचे दोन तुकडे होत नाहीत हे त्यांनाही दिसलं, म्हणून ती अंगणात सामाईक राहिली, एक दिवस त्याची, एक दिवस माझी. आता राहिले पट्टे. इंची भावाला, कारण तो फळ्या चिरतो. दोन सुती मला, कारण मी लहान. चार सुती पुढ्यात पडलेला. दोघांनाही पाहिजे. भावाला खरं तर त्याचा उपयोग नव्हता. मला पाहिजे म्हणून त्याला पाहिजे.

पाटलांनी पट्टा हातात घेऊन पाहिला. "पट्टाच होय ना? मंग कापा मधातून. अर्धा याले, अर्धा त्याले."

मी म्हटलं, "पाटील, थो गोल पायजे. कापला तर चाकावर चढत नाई."

"सारेच असंच म्हणते. अर्ध्या बांधीत धान होत नाई म्हणते. होते."

बाबा ओट्यावर बसून होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं असतं तर पाटलांनी ऐकलं असतं, माझी खात्री आहे. बाबा एवढंच म्हणाले, "पंचाचा शब्द हाय. माह्यानं मोडवत नाई." बाबांवरचा माझा याबद्दलचा राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

भावानंच छन्नी आणली. दोन ठोके घातले. तणाव नसलेला पट्टा लोळला आणि त्याची दोन टोकं जमिनीवर थरथरत राहिली. मग दुसऱ्या बाजूनं दोन ठोके. पाटलांनी दोन्ही तुकडे शेजारी धरून बरोबरीचे आहेत का पाहिलं. होते. सगळ्यांना चहा झाला.

त्याच वर्षी पाटलांनी माझ्याकडे जू सांगितलं. हो, त्याच पाटलांनी. नाही कसं म्हणणार. दोन सुती लावून कापलं, हळूहळू, इंजिन मंद ठेवून, तरी पट्टा आत भटकलाच. रंध्यानं सारखं केलं तितकं केलं. चिखलणी संपायच्या आधी पाटील जू खांद्यावर घेऊन परत आले आणि अंगणात टाकलं.

"माह्या बैलाची मान सोलली. तुह्या बापानं असं जू कधी देल्लं नाई."

"बाबाजवळ अख्खा पट्टा होता, पाटील."

त्यांनी जू पायानं उलटं केलं. मग म्हणाले, "बांधी अर्धी केली तरी पिकते. तुमचा पट्टा काऊन नाई पिकत?" आणि गेले. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि माझ्या जिवाला तेच जास्त लागलं.

त्यानंतर जुवाचं काम गावातून दुसरीकडे जायला लागलं. मी गोंदियातली दुकानं हिंडलो. दुकानदार म्हणे, "चौड़ा ले जाओ, कितना चाहिए." चार सुती नाही. एका झाळणाऱ्यानं मात्र सांगितलं, "दोनों टुकड़े ले आ, जोड़ देता हूँ. नए जैसा चलेगा." दोन जोड येतील, थोडी लांबी जाईल, पण वरचं चाक तेवढं खाली घेता येतं. माझ्या डोक्यात उजेडच पडला. धावत घरी आलो. माझा तुकडा खुंटीवर तेल लावून टांगलेला होताच. तो घेतला आणि वाटणीत घातलेल्या भिंतीपलीकडे भावाच्या घरी गेलो. वाटणीनंतर पहिल्यांदा.

वहिनी दारात मासे साफ करत होती. बोदलकशाच्या तलावाकडून कोणी आणले होते. "या भाऊजी. पानी पिता?"

"भाऊ कुठं हाय? थो अर्धा पट्टा पायजे होता. जोडून आणतो. मंग दोघंही वापरू, तुमच्या घरी टांगा पायजे तर."

वहिनीचा हात थांबला. तिच्या हातात लाकडाची एक मूठ होती, तिला दातेरी पातीचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला, खवले काढायला. चार सुताचा तुकडा. दात मी ओळखले. मीच कानशीनं घासले होते ते.

"त्याचे तं तुमच्या भावानं तुकडे केले," ती म्हणाली. "शेजारपाजारच्या बायायले वाटले. खवले लय मस्त निंगते."

आतून भावाचा आवाज आला, "कोण हाय गा?"

बाबा वाटणीनंतर भावाकडेच राहायचे, ते ओट्यावर होते. त्यांनी हात पुढे करून तिच्याकडून ती मूठ घेतली, अंगठा दातांवरून फिरवला.

"दात अजून शाबूत हायेत," बाबा म्हणाले, आणि मूठ तिला परत दिली.

मी माझा अर्धा पट्टा गुंडाळून घरी आणला आणि त्याच खुंटीला टांगला. अजून आहे. तेल लावायचं मात्र सोडून दिलं.